तेरेंगानू : माहीत असेल ते सगळं लिहा (अनुभव धागा)

सागरगोटा
वेळासच्या कासवांचे फोटो परत सगळीकडे फिरायला लागले आणि मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं रांताऊ आबांग आठवलं. तेरेंगानू राज्यात, दुंगुनच्या उत्तरेला. १९५० च्या दशकात या एका किनाऱ्यावर वर्षाला दहा हजारांच्या आसपास चामडीपाठी (लेदरबॅक) कासवांची घरटी होत. मलय लोक त्याला 'पेन्यू बेलिम्बिंग' म्हणतात. पेन्यू म्हणजे समुद्री कासव, बेलिम्बिंग म्हणजे आपलं करमळ (स्टारफ्रूट). पाठीवरचे उभे कंगोरे थेट करमळासारखे, म्हणून. आज तिथे वर्षच्या वर्ष एकही येत नाही.
अंडी पिढ्यान् पिढ्या ठेक्याने गोळा करून विकली गेली, आणि खोल समुद्रात जाळ्यांत मोठी कासवं मेली. तिसरं कारण फार दुखरं आहे. वाचवायला म्हणून जी अंडी उबवणी केंद्रात पुरली ती उघड्या, तापलेल्या वाळूत होती. वाळू साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की पिल्लं जवळजवळ सगळी माद्या निपजतात. नरच नाहीत, मग पुढची वीण कुठून येणार? आता सावली करतात. चामडीपाठीच्या अंड्यांवर १९८८ मध्ये बंदी आली, बाकी सगळ्या समुद्री कासवांच्या अंडीविक्रीवर २०२२ मध्ये.
तेरेंगानूबद्दल मराठीत फारसं सापडत नाही. बेटं, खाणं, इतिहास, काहीही चालेल, फक्त नेमकं लिहा.

पागोळी
वाचतेय. वाचनखूण साठवली.

खाडीकाठ
हिरवी कासवं अजून येतात, रेडांग बेटावर चागार हुतांगच्या किनाऱ्याला. तेरेंगानू विद्यापीठाचं संशोधन केंद्र १९९३ पासून तिथे काम करतंय, स्वयंसेवक घेतात. वेळासला काम केलेल्यांना नियम ओळखीचे वाटतील. अंडी हलवायची तर घातल्यापासून दोन-तीन तासांत. त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं की मरतो. म्हणून बादलीत ठेवतानाही वरची बाजू वरच. पांढरा टॉर्च नाही, मोबाईलचा फ्लॅश तर नाहीच. मादी खड्डा खणत असताना उजेड दिसला की अंडी न घालता परत जाते.
अजून एक. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले नोव्हेंबर ते मार्च घरटी करतात, तिकडे हिरवी कासवं साधारण एप्रिल ते सप्टेंबर. दोन्हीकडे हिशोब एकच, समुद्र शांत असेल तेव्हा.

दर्यावर्दी६७
खाडीकाठ यांनी मुद्द्याचं सांगितलं. तेरेंगानूचं सगळं पंचांग आपल्या उलटं आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येचा, जून ते सप्टेंबर. त्यांचा मोठा पाऊस ईशान्येचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. दक्षिण चिनी समुद्रावरून वारा सरळ किनाऱ्यावर येतो, मध्ये आडोसा नाही. बेटांवरची बहुतेक रिसॉर्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, बोटी बंद, डिसेंबरात नद्यांना पूर.
म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिकडे उत्तम. गणपतीचे दिवसही चालतात. दिवाळीत धोका: दिवाळी ऑक्टोबरात आली तर समुद्र कसाबसा साथ देतो, नोव्हेंबरात आली तर बेटं विसरा. नाताळची तिकिटं स्वस्त दिसतात ती याच कारणाने. एजंट 'मलेशिया बाराही महिने' म्हणतात ते लंकावीच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या भरवशावर. पूर्व किनाऱ्याला ते लागू नाही.

मीठभाकर
दादा, मग तिकडच्या कोळ्यांचं काय? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी वर ओढलेल्या असतात तसंच का?

दर्यावर्दी६७
जवळपास तसंच. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, तिकडे लहान होड्यांना समुद्रच बंदी घालतो. मग जाळी विणणं, होड्यांची डागडुजी. आणि त्याआधी उन्हाळ्यात केरोपोक (माशाचे पापड) वाळवून ठेवायचे, जसे आपण बोंबील-सोडे भरतो.

चिंचगूळ
केरोपोकवर मी लिहिते, कारण इथे लोक फसतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरोपोक लेकोर म्हणजे ओले, सुरळीसारखे. केरोपोक केपिंग म्हणजे त्याच सुरळ्या थंड करून चकत्या कापून उन्हात कडक वाळवलेल्या, तळल्या की पापडासारख्या फुलतात. घरी आणायला केपिंग. लेकोर फ्रीजशिवाय एक दिवसही धड टिकत नाही.
मासा ताजा आणि स्वस्त, तिकडचा सेलायांग किंवा तांबान. तांबान म्हणजे आपल्या पेडव्या-तारलीच्या कुळातला. काटे काढून लगदा, त्यात मीठ आणि बर्फ. बर्फ का, तर वाटताना मासा गरम झाला की त्याची चिकट पकड जाते आणि सुरळी उकळताना फुटते. मग साबुदाण्याचं पीठ. किलोभर लगद्याला अर्धा किलो घातलं तर माशाची चव राहते, बरोबरीने घातलं तर स्वस्त पडतं पण थंड झाल्यावर रबर होतं. हाताने अंगठ्याएवढ्या जाड सुरळ्या वळायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की झाल्या. पाणी खदखदायला नको.
तिकडचा सागो सागो-पामच्या खोडातून निघतो, आपला साबुदाणा कंदापासून. आपलं पीठ वापरलं तर चालतं, थोडं जास्त चिकट होतं.
क्वाला तेरेंगानू शहरात लोसोंग भागात ओळीने दुकानं आहेत. उकडलेले (रेबुस) आणि तळलेले (गोरेंग), दोन्ही घ्या, सोबत तिखटगोड मिरचीची चटणी.

कोकमसरबत
नासी दागांग (नारळाच्या दुधातला भात) कोणी लिहिणार आहे का? 🙏

चिंचगूळ
लिहिते ना, कुकर लावून येते.

पागोळी
शाकाहारी लोकांनी काय करायचं तिकडे? सासूबाई येणार आहेत बरोबर.

सागरगोटा
पागोळीताई, 'सायूर' म्हणजे भाजी, पण भाजीत बेलाचान असतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. कांगकुंग बेलाचान पाहायला निव्वळ पालेभाजी. भातावर ईकान बिलिस, म्हणजे छोटे सुके मासे, सवयीने पडतात. सांगायचं वाक्य असं: 'साया ताक माकान ईकान, उदांग, बेलाचान, दागिंग, आयाम' (मासे, कोळंबी, बेलाचान, मटण-बीफ, कोंबडी खात नाही). नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर 'मांस नको' एवढंच समजतात. शहरात कांपुंग चिना भागात बौद्ध पद्धतीचं शाकाहारी मिळतं. तमिळ-मुस्लिम खानावळीत रोटी चनाई मिळते, डाळ वेगळी मागा, कारण वाटीत माशाचा रस्सा ओततात. बेटांवर पर्याय कमी, ठेपले-मेतकूट न्याच.

पागोळी
फार उपयोगी. आभार 🙏 मेतकूट नक्की.

घाटवाट
पेर्हेंतियानला जाणाऱ्यांसाठी. नावाचा अर्थच 'थांबा'. व्यापारी गलबतं वाटेत इथे थांबत. दोन बेटं, बेसार म्हणजे मोठं, केचिल म्हणजे छोटं. कुटुंब असेल तर बेसार, केचिलच्या लाँग बीचवर रात्री गोंगाट असतो. बोट क्वाला बेसुतहून, अर्धा-पाऊण तास. विमानाने येत असाल तर क्वाला तेरेंगानूपेक्षा शेजारच्या केलांतानमधलं कोटा बारू जवळ, तिथून तासभर. तेरेंगानूहून दोन तास धरा.
बेटावर एटीएम नाही. रोख रिंगिट बेसुतलाच काढा. समुद्री उद्यानाची फी जेट्टीवर भरायची, पावती जपून ठेवा. दुपारनंतर लाटा वाढतात, स्पीडबोटीत पुढे बसलात तर पाठीला हिसके बसतात. कंबरदुखी असेल तर मागची बाकं पकडा.
आणि मेरांग आणि माराँग ही दोन वेगळी गावं आहेत. मेरांग शहराच्या उत्तरेला, तिथून रेडांग आणि लांग तेंगाह. माराँग दक्षिणेला, तिथून कापास. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. टॅक्सीवाल्याला नुसतं गाव सांगू नका, बेटाचं नाव सांगा. रेडांगसाठी शहरातल्या शाहबंदर जेट्टीवरूनही बोट आहे, तिकिटावर कुठली जेट्टी लिहिलीय ते नीट बघा.

मीठभाकर
शाहबंदर!! हा तर आपला शब्द.

दर्यावर्दी६७
फारसी. शाह + बंदर. हिंदी महासागरभर बंदराचा अधिकारी म्हणजे शाहबंदर. आपल्याकडे बंदर राहिलं, तिकडे अख्खा शब्द.

बोरूबहाद्दर
शब्दांवरून आठवलं. तेरेंगानूचा शिलालेख, बातू बेर्सुरात. 'सुरात' म्हणजे पत्र, लेख. क्वाला बेरांगजवळ नदीकाठी सापडला, आता लोसोंगच्या राज्य संग्रहालयात. उंची साधारण ८४ सेंमी. जावी, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतला मलय भाषेतला सर्वांत जुना मोठा लेख. तारीख हिजरी ७०२, म्हणजे इ.स. १३०३. पण दगडाचा वरचा भाग तुटलाय आणि 'सातशे दोन' नंतर अजून आकडे असू शकतील अशी जागा आहे, म्हणून अभ्यासक १३०३ ते १३८७ असा पल्ला धरतात. २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत.
चारी बाजूंनी मजकूर आहे. कर्ज, व्यभिचार, खोटी साक्ष यांचे नियम, इस्लामी कायद्याचे. आणि त्यात ईश्वरासाठी शब्द काय वापरलाय? 'देवाता मूलिया राया'. धर्म नवा आलाय, ऐकणाऱ्यांना मात्र देवता हाच शब्द कळतोय. त्या एका ओळीसाठी संग्रहालयात अर्धा तास थांबावं. दगडाला चारी बाजूंनी फिरून बघा, एकच बाजू बघून लोक निघतात.

कोकमसरबत
अवांतर: मलयमध्ये उपवासाला 'पुआसा' म्हणतात, तोही उपवासच ना?

बोरूबहाद्दर
हो. भाषा बाहासा, मुख मुका, स्वामी सुआमी (नवरा). यादी लांब आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

घाटवाट
संग्रहालयाच्या निमित्ताने: तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी बँका, कचेऱ्या चालू. शुक्रवारी साडेबारा ते अडीच जवळजवळ सगळं बंद. शुक्रवारी दुपारचा बेत ठेवू नका.

इतिहासाचा
राजकीय इतिहास दोन ओळींत. सल्तनत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, जोहोरच्या बेंदाहारा (मुख्य प्रधान) घराण्यातून. सयामला (आजचं थायलंड) दर तीन वर्षांनी 'बुंगा मास', सोन्याचांदीची झाडं, भेट जात. १९०९ च्या इंग्रज-सयाम तहाने तेरेंगानू इंग्रजांच्या छायेत गेलं. सुलतान झैनल आबिदीन तिसरे यांनी १९११ मध्ये लेखी राज्यघटना काढली, हस्तक्षेप थोपवायला.
१९२८ चा उठाव कमी लोकांना माहीत आहे. जंगल तोडून डोंगरउतारावर भातशेती करायला परवाना आणि शेतसारा लावला, उलु तेरेंगानूच्या शेतकऱ्यांनी क्वाला बेरांगची कचेरी ताब्यात घेतली. त्यांची बाजू मांडणारे हाजी अब्दुल रहमान लिंबोंग यांना मक्केला हद्दपार केलं, तिथेच १९२९ मध्ये वारले. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, आपल्याकडे चिरनेर आणि बिळाशीचे जंगल सत्याग्रह झाले. लाकूडफाट्यावरचा हक्क, राज्यकर्ते तेच.

खाडीकाठ
दुयोंग बेट राहिलं! नदीच्या मुखाशी, शहरातून पूल आहे. लाकडी होड्या अजून तिथे बांधतात, आराखड्याशिवाय. नवलाची गोष्ट क्रमाची: आधी फळ्यांचं कवच, नंतर आतल्या फासळ्या. लाकूड चेंगाल, फार जड आणि कीड न लागणारं. दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडून लाकडी खुंट्या (पासाक) ठोकतात. मध्ये गेलाम झाडाच्या सालीचा पातळ थर. होडी पाण्यात गेली की साल फुगते आणि सांधा बंद होतो. खुंटी पूर्ण वाळलेली हवी. ओली ठोकली तर पुढे आकसते, फळी सैल होते, पाणी शिरतं. फळीला बाक द्यायला खाली जाळ, वर पाणी शिंपडत, टोकाला वजन टांगून. घाई केली की फळी तडकते आणि चेंगालची एक फळी वाया जाणं आता कुणालाच परवडत नाही.
कारागीर फार थोडे उरलेत. गेलात तर आधी विचारा, मगच फोटो.

पैठणीवेडी
सोंगकेत, म्हणजे तिकडचं जरीचं कापड, त्याबद्दल एकच. जरीचा जादा आडवा धागा उचलून नक्षी काढतात, पैठणीसारखी इंटरलॉक वीण नव्हे. मागची बाजू उलटून बघा, जरीचे सुटे धागे दिसले तर विणलेलं, मागे कोरं असेल तर छापलेलं. घडी घालू नका, नळीवर गुंडाळा. घडीवर जर तुटते. पाण्याने धुवायचं नाही.

चिंचगूळ
आले परत. नासी दागांग. दोन वाट्या साधा लांब तांदूळ, एक वाटी चिकट तांदूळ, चार तास भिजवून निथळून वीस मिनिटं वाफवा. पातेल्यात काढून निम्मं घट्ट नारळाचं दूध मिठासह कालवा, झाकून दहा मिनिटं मुरवा, परत वाफवा. मग उरलेलं दूध, उभा चिरलेला छोटा कांदा, आल्याच्या काड्या, मेथीदाणे, शेवटची वाफ. दूध एकदम ओतलं की खीर होते.
सोबत तोंगकोल, म्हणजे आपला कुपा. आधी मीठ आणि आसाम केपिंग घालून उकळून घ्यायचा, मग रश्शात. आसाम केपिंग कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या वाळलेल्या चकत्या. आमसूल चालतं, रंग मात्र गुलाबीकडे जातो.

कोकमसरबत
ताई मेथीदाणे किती?

चिंचगूळ
एवढ्या तांदळाला एक छोटा चमचा, भिजवलेले. दोन घातले तर कडू.

कोकमसरबत
कुपा शनिवारी मिळेल. इथे बांगडा चालेल का?

चिंचगूळ
चालेल, पण उकळवू नकोस, मोडतो. थेट रश्शात सोड.