चिंकाऱ्याच्या जवळ जायचं तरी कसं?

भटक्या_कोथरूड: मंडळी नवशिक्या आहे, हसू नका. रविवारी पहाटे साडेचारला उठून सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात गेलो, चिंकारे भरपूर दिसले पण मी चार पावलं टाकली की ते चाळीस पावलं लांब, घरी येऊन बघतो तर सगळ्या फोटोत नुसती ढुंगणं. क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. १५०-६०० घेऊ का? बायको म्हणते आधी फ्रिज.

पक्षीवेडा_काका: फ्रिज घे. खरंच सांगतो, क्रॉप बॉडीवर ३०० म्हणजे साधारण ४५० सारखाच अँगल मिळतो. मुळात तू जवळ जायचंच नाहीस, त्यांना येऊ द्यायचं. ते अभयारण्य उणंपुरं ५ चौरस किमी, तिथले चिंकारे गाडीला फारसे बिचकत नाहीत पण पायी माणूस दिसला की सुटलेच. गाडीत बस, इंजिन बंद, नाहीतर थरथर फोटोत उतरते. काच अर्धी खाली करून तिच्यावर लेन्स टेकवायला बीन बॅग ठेव, विकत नको आणू, जुन्या जीन्सचा एक पाय कापून तांदूळ भर आणि शिवून टाक, माझी आठ वर्षं चाललीये. शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. अर्धा-पाऊण तास गप बसलास की चरत चरत तेच येतात.

माळावरची_टिटवी: काकांना +१, फक्त गाडीतून अँगल वरून येतो, प्राण्याच्या डोळ्याच्या लेव्हलला मजा वेगळीच. त्यासाठी भिगवणला जा, होडीत लेन्स पाण्यालगत धरली की झालं. पण नावाड्याला "रोहित (फ्लेमिंगो) उडव ना" म्हणणाऱ्यातला होऊ नकोस बाबा, डोकं फिरतं माझं.

भटक्या_कोथरूड: नाही हो ताई! आणि लांडगे? कुठे बसतात कोणी लोकेशन देईल का?

माळावरची_टिटवी: नाही 🙂 हिवाळ्यात पिल्लं असतात, माणसांची वर्दळ वाढली की मादी ती तोंडात धरून दुसरीकडे हलवते. शिवाय माळावर गाडी घातली की धाविक, टिटवी अशा पक्ष्यांची अंडी चाकाखाली, ती उघड्या जमिनीवरच असतात. कडबनवाडी, शिर्सुफळला वनविभागाची ग्रासलँड सफारी आहे, ऑनलाइन बुकिंग कर, गाईड मिळतो.

भटक्या_कोथरूड: बुक करतो. जीन्स सापडली, घरात इंद्रायणी आहे, चालेल?

पक्षीवेडा_काका: अरे इंद्रायणी भातासाठी ठेव! रेशनचा भर.