मदत हवी आहे: बारावीला मॅथ्स नव्हतं, आता डिग्री मॅथ्सचीच करायचीय, फाउंडेशन इयरवाला कोर्स घ्यावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. मुलाच्या शिक्षणाबद्दल विचारायचंय, जरा सविस्तर लिहिते कारण अर्धवट माहितीवर कुणी काय सल्ला देणार.

मुलगा बारावी सायन्स झालाय, स्टेट बोर्ड, पण ग्रुप पीसीबी. डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीलाच मॅथ्सच्या जागी भूगोल घेतला, नीटवाली बरीच पोरं तसंच करतात, मार्क पण पडतात आणि वेळ पण वाचतो. नीट दिली, रिपीट केली, सरकारी कॉलेजला स्कोअर पुरला नाही आणि प्रायव्हेटची फी आपल्या आवाक्यातली नाही. इथपर्यंत घरोघरी तेच. पण रिपीटच्या वर्षात फिजिक्सला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन लागायचं, क्लासमध्ये फॉर्म्युले पाठ करून घ्यायचे आणि हा ते फॉर्म्युले आले कुठनं म्हणून अडून बसायचा. मग चुलतबहिणीची अकरावीची बालभारतीची मॅथ्सची पुस्तकं मागून आणली आणि तेव्हापासून बायो मागंच पडलं. आता म्हणतोय मला मॅथ्समध्येच डिग्री करायचीय, बीफार्म नको, बीएएमएस नको, कॉम्प्युटर पण नको.

घरच्यांना वाटलं नीटचा कंटाळा आलाय म्हणून बोलतोय. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते. गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यातल्याच उचलून मला दाखवायला बसला. एक शेंग ठेवली, तिच्या दोन बाजूंनी एल आकारात तीन, त्याच्या बाहेरून पाच, मग सात, आणि दर वेळी चौकोनच तयार होतोय. म्हणजे एकापासून विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गच येतो, एक अधिक तीन चार, त्यात पाच मिळवले की नऊ, त्यात सात की सोळा. मी म्हटलं छान आहे रे, तर म्हणाला, आई छान आहे ते सोड, हे कधीच का चुकत नाही ते बघ, चौकोनाची बाजू एकानं वाढली की पुढचा एल बरोबर दोननं मोठा होतो, दुसरं काही होऊच शकत नाही. मी बीकॉम झालेय, मला ते तिथल्या तिथं कळलं. ज्या पोराला हे असं सुचतं आणि समजावून पण सांगता येतं त्याला हा विषय शिकायला मिळालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण अशी की इथल्या दोन-तीन कॉलेजांत विचारलं, बीएस्सीला प्रवेश मिळेल म्हणतात पण मॅथ्स विषय घ्यायचा तर बारावीला मॅथ्स पाहिजे. तेवढ्यात एका कन्सल्टन्सीच्या सेमिनारला गेलो (नाव लिहीत नाही). त्यांनी यूकेचा 'बीएस्सी मॅथेमॅटिक्स विथ फाउंडेशन इयर' सांगितला. इंग्लंडमध्ये डिग्री तीन वर्षांची असते, ही चार वर्षांची, पहिलं वर्ष पायाभरणीचं, ज्यांच्याकडं ए लेव्हलचं (म्हणजे तिकडच्या बारावीचं) मॅथ्स नाही किंवा ग्रेड कमी आलीय त्यांच्यासाठी. 'इयर झिरो' पण म्हणतात. डिग्रीचा क्लास (फर्स्ट, सेकंड) ठरवताना त्या वर्षाचे मार्क धरत नाहीत, पास झालं की फर्स्ट इयरला. पोरगा तर तिथल्या तिथं फॉर्म भरायला तयार झाला.

मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, फाउंड्रीच्या कास्टिंगचं मशिनिंग करतात. म्हणजे कर्ज काढावं लागणार आणि घर तारण ठेवावं लागणार. कन्सल्टन्सीवाला फीचा एकच आकडा सांगतो, पण मी स्वतः शोधलं तर व्हिसासोबतचा हेल्थ सरचार्जच वर्षाला ७७६ पौंड आहे, चार वर्षांचा तीन हजारांच्या वर, आणि तो सगळा अर्ज करतानाच एकदम भरायचा. राहण्याखाण्याचे पैसे २८ दिवस खात्यात दाखवायचे ते वेगळंच. शिक्षण झाल्यावरचा वर्क व्हिसा दोन वर्षांचा असं स्लाइडवर होतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा मिळणार आहे आणि आमचा मुलगा तर त्याच्या कितीतरी नंतर पास होणार. घर गहाण टाकणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला नको का?

तर मला विचारायचंय ते हे, की दहावीनंतर मॅथ्स रीतसर शिकलेलंच नाही अशा मुलाला एका वर्षात खरंच डिग्रीला उभं करता येतं का, त्या वर्षात नेमकं शिकवतात काय, आणि हेच वर्ष इथं कोल्हापुरात राहून काढता येईल असा काही रस्ता आहे का. कुणाची मुलं गेली असतील किंवा कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद

ताई, मॅथ्स करून पुढं काय, शिक्षकच ना? त्यापेक्षा बीसीए करा, पोरगं लवकर मार्गी लागंल.

धागाकर्ती

दादा, काळजीपोटी सांगताय हे कळतंय, पण एक विषय आमच्या हौसेपायी झाला, आता त्याच्या आवडीचा होऊ दे. आणि शिक्षक झाला तरी मला आनंदच आहे.

प्रतिसाद

ताई, शेंगांचं वाचून फार बरं वाटलं. मी सांगलीत डिग्रीला मॅथ्स शिकवतो, तेव्हा त्या बाजूनं लिहितो.

फाउंडेशनमध्ये साधारण आपलं अकरावी-बारावीचंच असतं. अल्जेब्रा, फंक्शन्स, ट्रिग्नॉमेट्री, लॉगॅरिदम, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, व्हेक्टर, थोडं स्टॅटिस्टिक्स, कुठं कुठं मेकॅनिक्स, शिवाय रिपोर्ट कसा लिहायचा वगैरे. दोन वर्षांचं एका वर्षात, आणि ते जमतं, कारण बाकीच्या विषयांचं ओझं नसतं. कठीण ते त्याच्या पुढं आहे. फर्स्ट इयरला 'किंमत काढा' संपतं आणि 'सिद्ध करा' सुरू होतं. बारावीत लिमिट म्हणजे किंमत घातली, उत्तर आलं. डिग्रीला एप्सिलॉन (उत्तरात चालेल तेवढा फरक) कितीही लहान दिला तरी त्याला पुरेल असा डेल्टा (आत घालायच्या किमतीतला फरक) सापडतोच हे दाखवावं लागतं, आणि बारावीला नव्वदच्या वर असलेली मुलं पण इथं अडकतात हे मी दर वर्षी बघतो. तुमचा मुलगा 'कधीच का चुकत नाही' असं विचारतो, तिथं नेमका हाच प्रश्न लागतो. फक्त सोबत हात पण चालायला पाहिजे, नाहीतर कल्पना सुचते आणि अर्ध्या पानावर अल्जेब्रात गाडी अडते.

यूकेचं म्हणाल तर त्यात दोन प्रकार आहेत आणि सेमिनारमध्ये ते सहसा एकत्र करून सांगतात. एकात युनिव्हर्सिटी स्वतःच चार वर्षांचा कोर्स देते, अर्ज एक, ऑफर एक. दुसऱ्यात फाउंडेशन वेगळी संस्था चालवते, भले वर्ग त्याच कॅम्पसवर असू देत, ते झाल्यावर ठराविक मार्क पडले तरच डिग्रीला घेतात आणि व्हिसा पण परत करावा लागतो. ते डिग्रीच्या खालच्या लेव्हलचं धरतात म्हणून टर्म चालू असताना आठवड्याला १० तासच काम करता येतं, डिग्रीवाल्याला २०. यातला कुठला प्रकार आहे ते लेखी मागा. एजंटला कमिशन युनिव्हर्सिटीकडून मिळतं हे पण ध्यानात ठेवा. आणि पहिल्या प्रकारात सुद्धा नुसतं पास होऊन भागेलच असं नाही, मॅथ्सला जास्त मार्कांची अट घालतात, ती कोर्सच्या माहितीतच असते, नीट वाचा.

आता इथला रस्ता. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. तो बारावी पास आहेच, त्यामुळं परत सगळी बारावी करायची गरज नाही, सुटे विषय घेता येतात, चारपर्यंत. मॅथेमॅटिक्सचा कोड ३११. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सुट्या विषयाचं फक्त मार्कशीट मिळतं, म्हणून जुनी बारावी आणि हे मार्कशीट मिळून मॅथ्सला प्रवेश देणार का ते कॉलेजकडून आणि शिवाजी विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून आधी लेखी घ्या, तोंडी हो वर जाऊ नका. यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत बारावीला विषय कुठलेही असले तरी प्रवेश परीक्षा पास होऊन दुसऱ्या विषयाला जाता येईल अशी तरतूद आहे, तिथं गेलात की त्याबद्दल पण विचारा.

मॅथ्स झालं की दारं बरीच उघडतात. बंगळुरूच्या आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बीमॅथ या मॅथ्सच्या डिग्रीला बारावीला मॅथ्स आणि इंग्रजी लागतं, प्रवेश परीक्षा अवघड असते, एक पेपर तर पूर्ण उत्तरं लिहायचा, पण तुम्ही लिहिलंय तसल्या पोरानं ती द्यावीच. चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे यूकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी बारावीचं मॅथ्स चांगल्या मार्कांनी असलं की फाउंडेशन न घेता थेट फर्स्ट इयरला घेतात. एनआयओएसचं असं सुटं मार्कशीट चालतं का ते त्यांच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचारा, एजंटमार्फत नको. चाललं तर तिकडची एका वर्षाची फी आणि राहणं पूर्ण वाचतं.

त्याआधी एक करा. ई-बालभारतीवर अकरावी-बारावीच्या मॅथ्सच्या पीडीएफ फुकट आहेत. दोन-तीन महिने रोज बसू दे, आणि उत्तर आलं की थांबायचं नाही, वहीत पूर्ण वाक्यात लिहायचं, वर्गमूळ दोन अपरिमेय का, पहिल्या एन विषम संख्यांची बेरीज एनचा वर्ग का, शेंगा न वापरता, इंडक्शननं (एकाला खरं, आणि कुठल्याही संख्येला खरं असलं की पुढचीला पण खरं, असं दाखवून). त्या वह्या बघूनच ठरवा.

धागाकर्ती

सर, एवढं कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला, इंडक्शनचं ऐकून लगेच पुस्तक उघडून बसला. मिस्टरांशी पण बोलले, घर तारण ठेवायचं सध्या थांबवलंय, आधी एनआयओएसचं आणि विद्यापीठाचं लेखी काय ते हातात घेतो. दोन युनिव्हर्सिट्यांना मेल मीच लिहितेय, उत्तर आलं की इथं टाकते म्हणजे बाकीच्यांना पण उपयोग होईल.

आता एकच मदत आणखी हवीय. राजारामपुरी किंवा सायबर चौकाच्या बाजूला अकरावी-बारावीचं मॅथ्स निवांत शिकवणारे कुणी सर-मॅडम माहीत आहेत का, सीईटी-जेईईच्या बॅचमध्ये नको, तिथं 'का' असं विचारायला वेळ नसतो. रिटायर्ड असतील तरी चालेल, घरी येऊन नको, हाच त्यांच्याकडं जाईल. माहीत असेल तर मेसेज करा.