दोन सिस्टीम, एकच डी ड्राइव्ह: तुमचे अनुभव लिहा

परवा भाचीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं. झाल्या झाल्या तिचा पहिला प्रश्न, "मामा, माझे फोटो दोन्हीकडे दिसतील ना?" आणि मला माझं एक्सपीचं जुनं मशीन आठवलं. तेव्हा लिनक्सला एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वाचता यायचं, पण त्यावर भरवशाने लिहिता येत नसे. म्हणून मध्ये फॅट३२ या दोघांनाही चालणाऱ्या जुन्या पद्धतीचं एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) ठेवायचं आणि सगळी देवाणघेवाण तिथून. फाइल ४ जीबीच्या वर गेली की तिचे तुकडे करा. दोन्हीकडच्या प्रबंधाच्या प्रती जुळवण्यात रात्री जायच्या. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी या, लिनक्सला एनटीएफएसवर लिहू देणाऱ्या ड्रायव्हरची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि प्रबंधाची एकच प्रत उरली. तो सुटकेचा आनंद अजून आठवतो.
तुमच्याकडे काय सोय आहे? काय चाललं, काय अडलं, सगळं लिहा.

रातकिडा
फास्ट स्टार्टअप बंद केलंत ना भाचीच्या लॅपटॉपवर? नसेल तर आधी ते करा, गप्पा नंतर. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. कर्नल (सिस्टीमचा गाभा) हायबरनेट होतो, म्हणजे आपली स्थिती डिस्कवर ठेवून झोपतो, आणि ड्राइव्हचा हिशेब त्याच्याकडे अर्धवट राहतो. मधल्या वेळात लिनक्सने तिथे काही लिहिलं तर विंडोज उठून जुन्याच हिशेबाने काम करणार, आणि फाइली जाणार. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ', एवढंच.

धागाकर्ता
@रातकिडा, पहिलं तेच केलं :)

सायली_म
अगदी हेच!! नवऱ्याचं काम विंडोजवर, माझं भाषांतर लिनक्सवर. तो शट डाउन करून उठायचा, मी बसले की ड्राइव्ह 'फक्त वाचा'. कारण कळेपर्यंत एकच उपाय सापडला होता, शट डाउन न करता रीस्टार्ट करायचं आणि मग लिनक्स निवडायचं. रीस्टार्टला खरंच सगळं बंद होतं. बाळ उठलं, उरलेलं नंतर लिहिते.

जुनीवही
मराठी नावांच्या फाइलींबद्दल कुणीच बोललं नाही अजून. माझ्याकडे जुन्या लेखांचे स्कॅन आहेत, फाइलीला लेखाचं अख्खं नाव देते. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ चिन्हं चालतात. लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. एकटा 'क्ष' ९ बाइट! त्यामुळे डी ड्राइव्हवर सुखाने नांदणारी फाइल होम फोल्डरमध्ये नेताना 'नाव फार लांब' म्हणून अडते.
उलट बाजूने वेगळाच घोळ. घाईत विसर्गाऐवजी कोलन टाइप होतो. 'दु:ख' नावाची फाइल लिनक्स आनंदाने बनवतं, पण विंडोजला नावात कोलन चालत नाही, तिथे ती उघडेना. एनटीएफएस-३जीला ड्राइव्ह माउंट करताना (सिस्टीमला जोडताना) 'विंडोज_नेम्स' हा पर्याय द्या, असली नावं मुळात बनतच नाहीत.

पिंपळपान
दुःखाची फाइल उघडेना 😀 आमच्याकडे शुद्धलेखनावर जीव असलेले एक काका आहेत, त्यांना आत्ताच पाठवलं.

जुनीवही
@पिंपळपान, काकांना नमस्कार सांगा. माझ्या बाजूने कुणीतरी आहे हे वाचून बरं वाटलं.

चौथामजला
आमच्यात मॅकपण आहे आणि तो एनटीएफएस नुसतं वाचतो. म्हणून बाहेरच्या डिस्कला एक्सफॅट, त्यावर तिघांनाही लिहिता येतं. लिनक्स कर्नलमध्ये ते ५.४ पासून आहे, ५.७ मध्ये नवीन ड्रायव्हर आला, तेव्हापासून काही तक्रार नाही.

रातकिडा
बाहेरच्या डिस्कला ठीक. पण आतल्या पार्टिशनला एक्सफॅट नको, त्याला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नाही. लिहिताना वीज गेली तर एनटीएफएस आपली रचना सावरून घेतं, एक्सफॅटला तो आधार नाही. डेस्कटॉपवाल्यांनी तर विचारच करू नये.

अर्धविराम
कोड एनटीएफएसच्या ड्राइव्हवर ठेवू नका, कळकळीने सांगतो. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या सहसा जशाच्या तशा राहत नाहीत, माउंट करताना दिलेली एकच परवानगी सगळ्या फाइलींना लागते. मग काही न बदलताही गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) म्हणतं सगळ्या फाइली बदलल्या. 'कोअर.फाइलमोड' फॉल्स केलं की ते थांबतं, पण ओळींचा शेवट दोन्हीकडे वेगळा, ते उरतंच. माझा कोड ईएक्सटी४ वर आणि दोन्हीकडे गिटमधूनच. फोटो, पुस्तकं, गाणी मात्र खुशाल एकत्र.

सायली_म
आले परत. एकदा वीज गेल्यावर लिनक्सने ड्राइव्ह घ्यायलाच नकार दिला, 'डर्टी' म्हणून. तेव्हा काय करायचं?

अर्धविराम
विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर 'चेकडिस्क /एफ' चालवा. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स बहुतेक खूणच पुसतं, चेकडिस्कची बरोबरी नाही.

पिंपळपान
आमच्या ताईची अख्खी डिस्कच गेली. दोन्ही सिस्टीममध्ये फोटो दिसायचे, म्हणून तिला वाटायचं दोन प्रती आहेत. प्रत एकच होती. मुलीचे लहानपणचे फोटो गेले.

जुनीवही
फार वाईट वाटलं. ताईंच्या नातेवाइकांच्या फोनमध्ये, जुन्या मेलमध्ये शोधलंत का? पाठवलेले फोटो बरेचदा सापडतात.

पिंपळपान
थोडे मिळाले मावशीच्या मेलमध्ये. आता बाहेरच्या डिस्कवर वेगळी प्रत असते.

चौथामजला
अवांतर, विंडोजमध्ये आलं की घड्याळ चुकतं ते कुणी सोडवलंय? दर वेळी हाताने नीट करतोय.

रातकिडा
लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, थांबेल.

धागाकर्ता
भाची हे सगळं वाचतेय. तिचा प्रश्न: ड्राइव्ह दर वेळी क्लिक करून उघडावा लागतो, आपोआप यायला हवा.

अर्धविराम
एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्याची लिनक्सची यादी) ओळ घालायची. ड्राइव्हचं नाव नको, यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक) द्या. यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) १०००, म्हणजे फाइली तिच्या नावावर दिसतील. आणि 'नोफेल' नक्की लिहा, नाहीतर डी ड्राइव्ह रुसला त्या दिवशी लिनक्सही सुरू होताना अडून बसेल. ओळ घातली की रीस्टार्टच्या आधी 'माउंट -ए' चालवून बघा.