हाफ-लाइफचे जुने सेव्ह आयडीई हार्ड डिस्कवरून काढायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या घरी माळ्यावर दादाचा जुना कॉम्प्युटर सापडलाय. चालू होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही. पण आतली हार्ड डिस्क मला हवीच आहे. आयडीई आहे, चपट्या पट्टीसारख्या केबलची. तिच्यात सिएराच्या (गेम बाजारात आणणारी कंपनी) फोल्डरमध्ये हाफ-लाइफ हा गोळीबाराचा गेम आहे आणि आमचे सगळे सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर पोचला होता त्याच्या नोंदी.

गेम १९९८ चा, पण आमच्याकडे आला बऱ्याच उशिरा. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दार उघडलं की एफ६ (सेव्ह करायचं बटण), जिना चढला की एफ६. दादा कीबोर्डवर, मी माऊसवर. तो गेमच्या नायकाला, गॉर्डनला चालवायचा, मी गोळ्या झाडायचो.

गेममधला ब्लास्ट पिट हा भाग आठवतोय का कुणाला? खोल विहिरीसारख्या जागेतून तीन लांब सोंडा वर आलेल्या असतात. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. शिफ्ट दाबून हळू चालायचं, पलीकडे ग्रेनेड टाकायचा आणि सोंड तिकडे टोचे मारायला लागली की सटकायचं. तिथे आम्ही दोघंही कुजबुजत बोलायचो, जणू तिला आमचंही ऐकू जाईल. गेममध्ये मध्येच सिनेमा सुरू होत नाही, कॅमेरा तुमच्या हातातून कुणी काढून घेत नाही. जे घडतं ते गॉर्डनच्या डोळ्यांनीच दिसतं. म्हणून ती भीती खरी वाटायची. त्यानंतर बरेच शूटर खेळलो, पण इतका जीव कशातच लागला नाही.

दादा आता बाहेरगावी असतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येतोय, मुलांना घेऊन. त्याआधी हे चालू करून ठेवायचंय. दुकानात विचारलं तर म्हणाले, नवीन एसएसडी घ्या, ही टाकून द्या. मला ते पटत नाही.

डिस्क लॅपटॉपला जोडायची कशी? आणि ते सेव्ह आताच्या स्टीमवरच्या (ऑनलाइन गेम विकत घेण्याचं दुकान) गेममध्ये उघडतील का? कुणी केलं असेल तर नीट सांगा, प्लीज.

प्रतिसाद:

भाऊ, डिस्क टाकू नका. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर घ्या, पण सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून ते मिळत नाहीत. डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवर बसवलेला छोटा तुकडा) 'मास्टर' लिहिलेल्या जागी ठेवा. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर अजिबात हो म्हणू नका. डिस्क दिसली की सिएराचं अख्खं फोल्डर आधी कॉपी करा. सेव्ह त्यातल्या व्हॉल्व्ह फोल्डरच्या आत, सेव्ह नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

२०२३ मध्ये पंचविसाव्या वर्षाचा मोठा अपडेट आला, त्यात गेम बराच बदललाय. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटा विभागात जाऊन 'स्टीम लेगसी' निवडा, म्हणजे अपडेटच्या आधीचा गेम मिळेल. सेव्ह आधी त्यात टाकून बघा. सीडीचं कव्हर सापडलं तर त्यावरचा तेरा आकडी नंबरही स्टीमवर टाकून बघा, चालला तर गेम विकत घ्यावा लागणार नाही.

सेव्ह नाहीच उघडले तर गेममधला कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) चालू करून 'मॅप सी१ए४' इंग्रजीत टाइप करा. थेट ब्लास्ट पिटमध्ये पोचाल. मुलांना तिथूनच सुरुवात करून द्या, आणि स्पीकर मोठा ठेवा.