मदत हवी आहे: हिरवा लेझर मंद पडतोय, जास्त पॉवरचा कोणता घेऊ?

कासरोड
घरात लेझर झकास चालतो, वर गेलं की थोड्या वेळात बोंब. सेल फुल चार्ज आहे. एका साइटवर १००० मिलिवॅटचा स्वस्तात दिसतोय. घेऊ का? शनिवारच्या आत हवाय. लेक्चर नको, फक्त मॉडेल सांगा.

संथ_कृष्णामाई
वर म्हणजे कुठे? गच्चीवर? आणि कशासाठी हवाय?

पाटीवाला
प्रेझेंटेशनला असेल तर लेझर घेऊच नका. एलईडी स्क्रीनवर ठिपका धड दिसत नाही. स्क्रीनवरच गोल उजळवणारा क्लिकर येतो, तो घ्या. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी तोच घेतलाय.

कासरोड
प्रेझेंटेशन कोण म्हणालं? तारे दाखवायचेत. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या वर ओळखीच्यांचं रान आहे, सोसायटीतली पोरं घेऊन चाललोय. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध. बोटाने दाखवलं तर कुणाला काही कळत नाही.

उघडं_आभाळ
आता कळलं. लेझरची तरंगलांबी (प्रकाशाचा रंग ठरवणारा आकडा) ५३२ नॅनोमीटर की ५२०? लेबल बघून सांगा.

कासरोड
काळा, चावीवाला, एक जाड सेल. लेबलवर ५३२, आणि ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’.

उघडं_आभाळ
मग बिघडलेला नाही, गारठलाय. ५३२वाल्यात हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो, तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४चा इन्फ्रारेड निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ करतो. थंडीत डायोडची तरंगलांबी सरकते, पहिल्या स्फटिकाला ती नीट शोषता येत नाही आणि हिरवा उतरतो. १००० मिलिवॅटचा ५३२ घेतलात तरी रडगाणं तेच. वापर नसेल तेव्हा स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, दाखवायचं तेवढ्यापुरता बाहेर काढा. नवा घ्यायचाच तर ५ मिलिवॅटच्या आतला ५२०चा. त्यात डायोडच हिरवा असतो, थंडीचं तेवढं वावडं नाही.

फडातला_गडी
भावा, लेझरचा विषय निघालाच हाय तर इचारतो. आमच्या भुईमुगाला माकडांनी लई वैताग आणलाय. लेझर मारून पळत्यात का?

मिरजवाली
५०० मिलिवॅटच्या वरचा म्हणजे वर्ग ४, लेझरमधला सगळ्यात धोकादायक. त्याचा भिंतीवरचा ठिपका जवळून बघणंही धोक्याचं, आणि तुम्ही तो पोरांच्या घोळक्यात नेणार? मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर ‘मधोमध डाग दिसतोय’ म्हणत पोरं येतात. रेटिना (डोळ्यातला पडदा) भाजली तरी दुखत नाही, म्हणून घरी आठवडा काढून मग येतात.

कासरोड
ताई, मी आकाशात मारणार, पोरांच्या डोळ्यात नाही. पापणी आपोआप मिटते म्हणतात ना?

मिरजवाली
मिटते, पाव सेकंदात. तो हिशोब १ मिलिवॅटपर्यंतच्या दिसणाऱ्या प्रकाशाचा. आतला इन्फ्रारेड बाहेर निसटला तर तो डोळ्याला दिसतच नाही, मग पापणी मिटणार कशी? आणि पोरं हातातून हिसकावतात. लेझर तुमच्या एकट्याच्या हातात ठेवा. ‘काका मला द्या’ म्हटलं तरी नाही म्हणजे नाही.

उघडं_आभाळ
इन्फ्रारेडचा मुद्दा खरा आहे. स्वस्त ५३२मध्ये तो अडवणारा फिल्टरच कधीकधी बसवलेला नसतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मोजमाप संस्थेने २०१० साली असाच एक तपासला, तर हिरव्यापेक्षा इन्फ्रारेडच जास्त निघत होता. लेबलवरच्या ‘५ पेक्षा कमी’वरही जाऊ नका. चावीवाले त्याच्या कितीतरी पट देणारे निघतात.

जुगाडराव
सोपं आहे. जुन्या सीडीवर लेझर मारायचा आणि मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघायचं. जास्तीचे ठिपके दिसले की इन्फ्रारेड. फुकटात काम.

मिरजवाली
आणि सीडीवरून किरण उसळून कुणाच्या डोळ्यात गेला तर? घरी असले प्रयोग सांगू नका.

जुगाडराव
मी आजवर केलाय, मला काही झालं नाही.

मिरजवाली
दाखवायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

पाटीवाला
मग गॉगल घ्या ना सगळ्यांना. ऑनलाइन शंभराला मिळतात.

उघडं_आभाळ
५३२ अडवणारा गॉगल घातला तर हिरवी रेघच दिसणार नाही, मग दाखवणार काय? शिवाय असल्या गॉगलने ८०८ आणि १०६४ अडतीलच असं नाही. आणि कासरोड, तिथून खाली सातारा आणि हायवे दिसतो. लेझर क्षितिजाकडे झुकवायचा नाही, घाटातल्या गाड्यांवर तर नाहीच. लुकलुकता दिवा सरकताना दिसला की विमान समजून बटण सोडायचं. किरण लांब जाताना फाकतो: फाकण्याचा कोन १ मिलिरेडियन (दर किलोमीटरला १ मीटर) असला तर १० किलोमीटरवर १० मीटरचा झोत होतो. कॉकपिटच्या काचेवर पडला की आख्खी काच उजळते, पायलटला समोरचं दिसत नाही.

कासरोड
बरं, १००० रद्द. चावीवालाही ठेवून देतो. ५२० शनिवारच्या आत येईलसं वाटत नाही, बघतो.

संथ_कृष्णामाई
शनिवार शनिवार चाललंय, कॅलेंडर बघितलंत का? मार्गशीर्षातली शुद्ध चतुर्दशी आहे. चंद्र नेमका रोहिणी-मृगाच्या आसपास ठाण मांडून बसणार. कृत्तिका त्या उजेडात हरवतील, आणि ५ मिलिवॅटची रेघही जेमतेम दिसेल.

कासरोड
अरे देवा. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

संथ_कृष्णामाई
तुम्ही तारे म्हणायलाच अर्धा धागा घेतलात. पुढच्या शनिवारी न्या. चंद्र रात्री उशिरा उगवतो, साडेसात ते दहा आभाळ मोकळं.

कासरोड
चालेल. ग्रुपवर टाकतो. तोवर ५२०ही येईल.

फडातला_गडी
आवो, ते माकडांचं ऱ्हायलं.

मिरजवाली
माकडांनाही डोळेच असतात, दादा. फटाके नाहीतर कुत्रं बघा.

फडातला_गडी
कुत्रं हाय. त्येच माकडांना भितंय.