लिफ्ट केलेला जुना फोर बाय फोर ट्रक: मागच्या प्रोपेलर शाफ्टचे कोन कसे जुळवायचे?

प्रश्न
पुढे-मागे पाटे, ४ इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच केली), ३१ इंची टायर, डिफरन्शियल ४.१० (शाफ्टचे ४.१० फेरे, तेव्हा चाकाचा एक). मागचा शाफ्ट (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) एकसंध, दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट). ताशी ७० च्या आसपास फ्लोअरला घरघर सुरू होते, ॲक्सिलरेटर सोडला की वाढते. गाडी चाकांवर उभी करून घेतलेली मापं, सगळे उतार मागच्या दिशेने खाली: ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आउटपुट ४°, शाफ्ट १३°, पिनियन (शाफ्ट जोडतो तो डिफरन्शियलचा गिअर) १°. पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत आणा, असा सल्ला मिळालाय. आणू का?

उत्तर १
नका आणू. तो नियम डबल कार्डनच्या (एका टोकाला दोन क्रॉस जोडून केलेला जॉइंट) शाफ्टचा. साध्या क्रॉसमध्ये कोन पडला की एका फेऱ्यात वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असेल तरच हा चढउतार तिथे रद्द होतो. तुमचा वरचा कोन १३ − ४ = ९°, खालचा १३ − १ = १२°. फरक ३°, तो १° च्या आत हवा. म्हणजे पिनियनचं तोंड साधारण ३° वर उचला, आउटपुटला समांतर होईल. शाफ्टच्या रेषेत आणलंत तर खालचा कोन शून्य, वरचा तसाच ९°, आणि घरघर आणखी वाढेल.

तुमचं लक्षणही याला जुळतं. रेस दिली की ॲक्सलचं हौसिंग पिळून पिनियन वर उठतो, सोडली की खाली जातो. तोंड आधीच हवं त्यापेक्षा खाली असल्यामुळे सोडल्यावर त्रास जास्त.

उत्तर २
शिम (पाटा आणि ॲक्सलमध्ये घालायची पाचर) मारण्याआधी शाफ्टचं फेज, म्हणजे दोन टोकांची आपसातली दिशा, बघा. स्लिप जॉइंट (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दात्यांचा सांधा) उघडून एखादा दाता चुकवून बसवला असेल तर कोन कितीही जुळवा, कंप जाणार नाही. शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेतच दिसले पाहिजेत.

टेपर शिमची दिशा बरेच जण चुकवतात. पाटे हौसिंगच्या वर असतील तर जाड बाजू मागे, खाली असतील तर जाड बाजू पुढे. तरच तोंड वर जातं. शिम स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची दबते, फुटते. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं स्प्रिंग सीटच्या (पाटा बसतो ती बैठक) भोकात पूर्ण बसलंय ना, हे हात लावून बघा. यू-बोल्ट नवे टाका आणि थोडं चालवून पुन्हा टाइट करा. नंतर सगळी मापं परत घ्या, कारण तोंड वर गेलं की शाफ्टचा उतारही थोडा बदलतो.

पुढच्या ॲक्सलला हाच उपाय करू नका. तिथे पिनियन उचलला की कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग भटकतं.

प्रश्नकर्ता
फेज बरोबर आहे, पाटे हौसिंगच्या वर आहेत. ३° ची शिम टाकली की काम संपलं का?

उत्तर ३
कमी वेगाला हो. पण दोन्ही टोकं समान झाली तरी मधला शाफ्ट स्वतः ९° च्या कोनात धडधडतच राहतो. कोनाची मर्यादा आरपीएमवर ठरते: २००० ला साधारण ८.७°, ३००० ला ५.८°. तुमच्या टायरवर ताशी ७० ला शाफ्ट सुमारे १९३० फिरतो, म्हणजे तुम्ही काठावरच आहात. ताशी १०० ला २७६० होतात, तिथे ९° चालणारच नाही.

दोन वाटा आहेत. चेसिस आणि ट्रान्सफर केसचा क्रॉसमेंबर (केस धरणारी आडवी पट्टी) यांच्यामध्ये स्पेसर देऊन आउटपुट २-३° खाली झुकवायचा आणि पिनियन पुन्हा त्याला समांतर करायचा. तेव्हा गिअर लिंकेज आणि पंखा आणि त्याच्या कव्हरमधली (श्राउड) फट तपासा. दुसरी वाट, माझ्या मते पक्की: ट्रान्सफर केसकडे डबल कार्डन. त्यात पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा १-२° खाली ठेवतात, म्हणजे रेस दिल्यावर तो रेषेत येतो. तुमच्याकडे एवढं फिरवणं शिमचं काम नाही, स्प्रिंग सीट कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतील. तोंड इतकं वर गेलं की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं, म्हणून डिफमधली लेव्हल वाढवा.

कुठलीही वाट घ्या, शेवटी चेसिसला जॅक लावून ॲक्सल पूर्ण लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने एक फेरा फिरवा. क्रॉस कुठे अडतोय का आणि स्लिपचे दाते पुरेसे आत आहेत का, ते तिथेच कळतं.