मदत हवी आहे : कोरकू बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचन कसे शिकवावे?

नमस्कार. मी मेळघाटातील धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा भाषागटातील असून मराठीपासून फार वेगळी आहे. त्यामुळे मूल बाराखडी म्हणते, अक्षरे जुळवून वाक्यही वाचते, परंतु काय वाचले हे त्याला सांगता येत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द आकलनासह वाचण्याचे लक्ष्य आहे. गती सरावाने येईल, आकलनाची मात्र मला मनापासून काळजी वाटते.

कोरकू देवनागरीत लिहिता येते, म्हणून मुलांनी सांगितलेल्या मोहफुलांच्या, नदीच्या, गुराढोरांच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत फळ्यावर लिहाव्यात, त्या प्रथम वाचून घ्याव्यात आणि मगच मराठी पाठाकडे वळावे, असा माझा विचार आहे. हे वळण केव्हा घ्यावे? तेवढ्या वेळात दुसऱ्या इयत्तेला कोणते काम द्यावे? गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा; कोरकू-मराठी शब्दसंग्रह किंवा चित्रकथा कोणाकडे असल्यास तेही कळवावे.